मदत हवी आहे: बुलेटच्या क्रोमच्या भागांवर घरीच काळा रंग मारायचा आहे, टिकेल का?

खळ्यातला बुलेटवाला (आचरा)

नमस्कार मंडळी,

बाबांची जुनी बुलेट आता माझ्याकडे आली आहे. इंजिन ठणठणीत, टाकीचा रंगही चांगला आहे. दुखणं आहे ते क्रोमचं. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे लेगगार्ड, हँडल, हेडलाइटची रिंग, मागचं कॅरिअर, दोन्ही रिमा आणि सायलेन्सर, सगळ्यांनी माना टाकल्यात. रिंगेवर नुसते तपकिरी ठिपके आहेत, रिमांवर बोटाला लागेल असा गंज. कॅरिअरच्या वेल्डिंगजवळ तर क्रोमचा पापुद्रा सुटून वर आलाय, पुसायला गेलं की फडक्याचे धागे अडकतात.

पुन्हा क्रोम करून घ्यायचं मनात नाही. इथल्या हवेत ते किती दिवस राहणार? म्हणून सगळं काळं करून टाकू असं ठरवलंय.

लेगगार्ड आधी एका पेंटरकडे दिला होता. त्याने रेड ऑक्साइड मारून वर काळा ऑइल पेंट दिला. दिसायला झकास, पण पावसाळा संपेपर्यंत वाट लागली. गंमत अशी की एकाच लेगगार्डवर दोन तऱ्हा झाल्यात. मधल्या सरळ नळीवर नखाने टोकरलं की रंगाची लांब पट्टी निघते आणि खाली क्रोम आरशासारखं स्वच्छ, गंजाचा ठिपका नाही. खालच्या वाकाजवळ मात्र रंगाला फोड आलेत. एक फोडून बघितला तर आत तांबूस पाणी आणि भुगा.

माझे प्रश्न: रंगाआधी क्रोम पूर्ण काढावंच लागतं का? व्हिडिओत लोक अ‍ॅसिडमध्ये बुडवून किंवा बॅटरीचा चार्जर लावून काढताना दिसतात. ते घरी जमेल का? माझ्याकडे कॉम्प्रेसर नाही. स्प्रेच्या डब्यांवर भागेल का, की ब्रश चालेल? आणि सुट्टी मे महिन्यात आहे, तेव्हा काम काढू का?

घरात लहान मुलं आहेत, विहीर खळ्याला लागूनच आहे, हेही लक्षात घ्या.

गंजकाका (रत्नागिरी)

तुमच्या लेगगार्डला एक नाही, दोन आजार झालेत, आणि दोघांचं औषध वेगळं आहे. बहुतेक लोक एकाचं औषध दुसऱ्याला देतात.

सरळ नळीवर पट्टी निघाली आणि खाली क्रोम चकचकीत, याचा अर्थ रंगाने धातूला धरलंच नव्हतं. क्रोम इतकं गुळगुळीत असतं की रंगाला पाय रोवायला जागा नसते, शिवाय त्यावर त्याचाच एक न दिसणारा ऑक्साइडचा थर असतो. रेड ऑक्साइड हा उघड्या लोखंडाचा प्राइमर. चकचकीत क्रोमवर तो नुसता पसरून वाळतो. त्या पेंटरने घासायचा खरखरीत पेपर मारलाच नसणार, किंवा वरवर फिरवला असणार.

वाकाजवळचे फोड ही वेगळी गोष्ट. गाडीवर चमकतं ते क्रोम साधारण ०.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहूनही पातळ असतं. त्याच्याखाली १० ते ३० मायक्रॉनचा निकेलचा थर, कधी त्याच्याही खाली तांबं, मग लोखंड. खरा राखणदार निकेल. क्रोमला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. मिठाचं पाणी त्यातून शिरतं, निकेल पोखरतं आणि लोखंडापर्यंत पोचतं. म्हणून वर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो तेव्हा खाली गंज बराच पसरलेला असतो. त्या गंजात मीठ तसंच राहिलं आणि वरून रंग बसला, तर ते मीठ रंगातूनसुद्धा ओल आत ओढत राहतं. तुम्ही फोडलात तो फोड त्याचाच.

तेव्हा शाबूत क्रोम काढू नका. ते घट्ट बसलंय तोवर तुमच्या बाजूचं आहे. त्याची फक्त चकाकी मारा. सुटलेलं क्रोम मात्र कड घट्ट लागेपर्यंत खरवडून काढा. आणि गंजलेल्या जागेतलं मीठ धुऊन काढणं हे रंगापेक्षा मोठं काम आहे असं समजा.

घाटावरचा (कोल्हापूर)

बुलेटला काळं फासणार? अहो, आमच्याकडे पाठवा की. एमआयडीसीत प्लेटिंगवाले आहेत, जुनं क्रोम उतरवून निकेल-क्रोम नव्याने करून देतात. रिमा आणि हँडल तरी क्रोमचंच ठेवा, काळ्या रिमांची बुलेट बघवत नाही.

गंजकाका (रत्नागिरी)

कोल्हापुरात टिकेल हो. इथे निकेलचा थर जरा पातळ पडला की दुसऱ्या पावसाळ्यात ठिपके हजर. निकेल किती मायक्रॉन देणार ते लिहून देणारा प्लेटिंगवाला मिळाला तर करा, नाहीतर काळा रंग बरा. खरचटला तर घरच्या घरी हात मारता येतो.

सड्यावरची (देवगड)

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे अ‍ॅसिड आणि चार्जरवाल्या प्रश्नाला मीच उत्तर देते: अजिबात करू नका.

चार्जर लावून सोड्याच्या पाण्यात क्रोम उतरवलं की पाणी पिवळं होतं. तो पिवळेपणा क्रोमेटचा, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमचा. ते कर्करोगकारक आहे, कातडीला आणि श्वासाला वाईट, आणि पाण्यात सहज विरघळतं. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र. खळ्यात ओतलेलं पाणी कुठे जातं हे विहीर शेजारी असलेल्या माणसाला मी काय सांगू. मिठाच्या आम्लात (बाजारात म्युरिअ‍ॅटिक म्हणून मिळतं ते) क्रोम विरघळतं खरं, पण हायड्रोजन निघतो आणि वाफ इतकी जहाल की त्याच पडवीत ठेवलेल्या कोयत्या-पारयांवर दुसऱ्या दिवशी गंज चढतो. प्लेटिंगवाल्यांना सांडपाण्यावर प्रक्रिया करावी लागते ती उगाच नाही.

नुसता पेपर मारताना हा धोका त्या मानाने कमी आहे, कारण प्लेटिंगचं क्रोम धातुरूपात असतं. तरी निकेल-क्रोमची कोरडी धूळ नाकात जाऊ देऊ नये, निकेलची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते. पेपर ओलाच मारा, हातमोजे घाला आणि खाली जुनी ताडपत्री अंथरा. तो चिखल गोळा करून वाळवून कचऱ्यात द्या, माडाच्या आळ्यात नको.

आता पाण्याबद्दल. गंजकाकांनी मीठ धुवायला सांगितलं, पण कशाने धुणार? किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्याच पाण्याने पेपर मारला तर तुम्ही मीठ काढत नाही, घासून घासून भरताय. धुवायला नळाचं गोडं पाणी वापरा आणि शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याने मारा. कुठल्याही गॅरेजवर बॅटरीत घालायचं पाणी मिळतं, तेच. एका लेगगार्डला एक-दोन बाटल्या पुरतात. पावसाळ्यात छपरावरून पहिले काही दिवस वाहून गेल्यानंतर धरलेलं पाणी असेल तर तेही चालेल, पण मे महिन्यात ते कुठून आणणार!

गंजलेल्या खड्ड्यात एकदा धुऊन भागत नाही. गरम पाणी, ताठ ब्रश, मग वाळवणं, परत धुणं असं करा. वाळल्यावर काही तासांत त्याच ठिकाणी काळपट ओलसर ठिपके दिसले तर मीठ अजून आहे.

खळ्यातला बुलेटवाला (आचरा)

ताई, पाण्याचं हे डोक्यातच आलं नव्हतं. आमची विहीर मेमध्ये मचूळ होतेच, चहा फाटतो. अ‍ॅसिडचा विषय इथेच बंद.

आणखी एक. बाबा दर पावसाळ्याआधी गाडीला डिझेल आणि जुनं ऑइल एकत्र करून पुसायचे. त्याचा काही त्रास होईल का?

मालवणी मेस्त्री (कुडाळ)

बुलेटवाल्यानू, पयली गोष्ट, त्या रेड ऑक्साइडचो नाद सोडा. आता साध्या मराठीत लिहितंय, नायतर घाटावरच्यांका कळाचा नाय.

डिझेल-ऑइलचा त्रास होणार. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या तशाच असतात. ऑइल ठिपक्यांच्या खड्ड्यात मुरलेलं असतं. म्हणून पेपर मारायच्या आधी तेल काढायचं. नंतर काढू म्हणाल तर पेपर तेच तेल ओरखड्यांत भरून ठेवतो. आधी भांड्याचा साबण आणि गरम पाणी, मग थिनर. थिनरचं एक फडकं ओलं, लगेच मागोमाग दुसरं कोरडं. थिनर आपोआप उडू दिलात तर तेल तिथल्या तिथेच राहिलं. फडक्याची बाजू सारखी बदला. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे कधी गाडीवर मारला असेल तर आणखी एकदा पुसा, त्यातल्या सिलिकॉनने रंगाला डोळे, म्हणजे गोल खळगे पडतात.

सुटलेला पापुद्रा काढायला हॅक्सॉची जुनी पात घ्या. कडेला नख लावून बघायचं, उचलतंय तोवर खरवडायचं. मग १२० नंबरच्या पेपरने कड उतरती करायची. डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. लागली तर रंगातून ती दिसणारच. गंज लोखंड पांढरं दिसेपर्यंत तारेच्या ब्रशने काढा. खोल खड्ड्यांत काळे टिपके राहतात, तिथे फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं गंजाचं औषध लावा आणि डब्यावर लिहिलं असेल तसं धुऊन घ्या. लोक नुसतं लावून वर रंग मारतात, मग आम्हाला शिव्या घालतात.

राहिलेल्या शाबूत क्रोमवर ३२० नंबरचा वॉटर पेपर. सगळीकडे राखाडी, मेणचट दिसलं पाहिजे. कुठेही चमकणारा डाग राहिला की रंग तिथूनच सुटायला सुरुवात करणार. कॅरिअरच्या जोडांत पेपर जात नाही, तिथे भांडी घासायची हिरवी घासणी दुमडून चालवा.

मग वर पाणी ओता. पाणी सलग पसरून राहिलं तर काम झालं. थेंब-थेंब होऊन एका बाजूला पळालं तर तेल आहे, परत थिनर.

लेगगार्ड आणि कॅरिअर पोकळ नळीचे. आत गेलेलं पाणी दोन दिवसांनी भोकातून ओघळतं आणि नव्या प्राइमरवर येतं. भोकं खाली करून टांगून ठेवा, उन्हात चांगलं तापू द्या. पूर्ण सुकल्यावर शेवटचा हलका पेपर मारा, पुसा आणि त्याच दिवशी प्राइमर. आपल्या हवेत उघडं लोखंड रात्रभर ठेवलं की सकाळी पिवळं. उघड्या हाताने धरू पण नका, घामात मीठच असतं.

प्राइमर दोन डब्यांचा, इपॉक्सी. दुसऱ्या डब्यात रंग घट्ट करणारं हार्डनर असतं. क्रोमलाही धरतो, लोखंडालाही धरतो आणि ओल अडवतो. बोटींच्या सामानाच्या दुकानात मिळतो, लहान पॅक मागा. काही जण आधी अ‍ॅसिडवाला वॉश प्राइमर मारतात आणि त्यावर इपॉक्सी. तसं करू नका, खालचं अ‍ॅसिड वरच्या हार्डनरला नीट पिकू देत नाही. दोन्हीतलं एकच काहीतरी. तुमच्याकडे उघडं लोखंड आणि क्रोम दोन्ही आहे, म्हणून इपॉक्सी.

कॉम्प्रेसर नाही तर नळीला ब्रशच बरा. बारीक नळीवर स्प्रेचा अर्धाअधिक रंग हवेत जातो. मऊ ब्रशने पातळ दोन हात द्या, मध्ये डब्यावरचा वेळ पाळा. वाळल्यावर ४०० नंबर आणि मग वरचा रंग. इपॉक्सी उघडा ठेवायचा नाही, उन्हाने भुकटी सुटते. वर हार्डनरवाला काळा पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारा. साधा ड्यूको किंवा डब्यातला स्प्रे बसेल, दिसेल, पण पेट्रोलचा थेंब पडला की मऊ होणार.

सड्यावरची (देवगड)

मेस्त्री, मास्कचं राहिलं. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ब्रशने मारताना उघड्या हवेत निभावतं, पण तेच स्प्रेने मारायचं असेल तर कापडी किंवा कोविडमधला मास्क काहीच कामाचा नाही. बाजूला डबे असलेला, सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क लागतो, आणि मुलांना त्या दिवशी आजोळी पाठवा. एकदा का त्याची अ‍ॅलर्जी झाली की पुढे थोड्याशा वासानेही दमा उठतो.

मालवणी मेस्त्री (कुडाळ)

ताईंचं बरोबर. आमच्या धंद्यात खोकणारे पेंटर थोडे नाहीत.

नवशिक्या (चिपळूण)

धागा वाचतोय, छान माहिती. माझ्या गाडीच्या पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवरचं क्रोम पण उडालंय. हीच पद्धत चालेल ना?

मालवणी मेस्त्री (कुडाळ)

नाय! अजिबात नाय! पुढच्या शॉकअपची जी नळी वरखाली सरकते तिला पेपर लावायचा नाही, रंगही नाही. ते क्रोम दिसण्यासाठी नसतं, ऑइल सील त्यावरून घसरतं. एक ओरखडा पुरे, सील फाटतं, ऑइल गळून ब्रेकवर जातं. नळी नवी घ्या, किंवा हार्ड क्रोम करणाऱ्याकडून करून घ्या. मागच्या शॉकअपच्या दांडीलाही हेच लागू.

बुलेटवाले, तुम्हालाही तेच. आणि हँडल जिथे क्लॅम्पमध्ये बसतं तिथे टेप लावून ती जागा कोरी ठेवा. रंगाचा थर आला की आवळलेला क्लॅम्प पुढे सैल पडतो आणि ब्रेक मारताना हँडल फिरतं.

सायलेन्सरला यातलं काहीच चालणार नाही. इपॉक्सी जळून जाईल. त्याला उष्णतेचा सिलिकॉनवाला रंग येतो, ६०० अंशांपर्यंतचा. साधा प्राइमर न लावता खरखरीत केलेल्या धातूवर थेट मारायचा, आणि तो गरम झाल्याशिवाय पिकत नाही. इंजिन थोडं चालवा, गार होऊ द्या, परत जास्त वेळ चालवा. पण खरं सांगू, आतून सडला असेल तर रंगावर पैसे घालू नका. तळाला पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा, आवाज भद्द आला तर नवाच घ्या.

अलिबागकर

थोडं अवांतर. आमच्या कारच्या ग्रिलचं आणि मागच्या पट्टीचं क्रोम काळं करायचंय. प्रक्रिया हीच का?

गंजकाका (रत्नागिरी)

आधी लोहचुंबक लावून बघा. ग्रिल बहुतेक एबीएस प्लास्टिकची असते, वर पातळ प्लेटिंग. चिकटणार नाही. गंजाचा प्रश्न नाही, पण पकडीचा आहेच. ४०० नंबर ओला, मग प्लास्टिकला धरणारा प्राइमर, आणि हीट गन लांब ठेवा, प्लास्टिक वाकतं. थिनरही भिजवून लावू नका, प्लेटिंग जिथे उडालंय तिथे प्लास्टिक विरघळतं. कारच्या पट्टीसाठी मी तर काळी व्हाइनल फिल्म लावेन. नाही आवडली तर सोलून काढता येते.

खळ्यातला बुलेटवाला (आचरा)

सगळ्यांचे आभार. ठरवलंय असं: आधी फक्त कॅरिअर करतो, बिघडलं तरी कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. ते जमलं तर लेगगार्ड आणि हँडल. रिमांचे आरे काढायचं धाडस नाही, त्या मेस्त्रींकडे कुडाळला आणीन. सायलेन्सर ठोकून बघितला, आवाज भद्दच आला.

दोन शंका उरल्यात. मे महिन्याचं कुणीच सांगितलं नाही. आणि कॅरिअरवरचा रंग खरंच धरला की नाही, हे पावसाळ्याची वाट न बघता कळतं का?

गंजकाका (रत्नागिरी)

मे चालेल, पण पहिला पंधरवडा. पुढे ढग दाटायला लागतात आणि हवा चिकट होते. एरवी आपल्याकडे दिवाळी ते शिमगा हा उत्तम काळ, तेव्हा फक्त सकाळचं दव सांभाळायचं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर डबा उघडू नका, आणि धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त हवं. यंत्र नसेल तर ओलं फडकं धातूवर एकदा फिरवा. पाव तासात तो ओलावा सुकला नाही तर आजचा दिवस रंगाचा नव्हे. अकरा ते तीनमध्ये काम आटपा, पण सावलीत. उन्हात तापलेल्या नळीवर ब्रशच्या रेघा तशाच राहतात. संध्याकाळी तर नकोच, पडवीतला दिवा लागला की सगळे किडे तुमच्या पीयूवर. आणि समुद्राचा वारा सुटलेला असताना पडदा लावा, वाऱ्याबरोबर खार येते, ती प्राइमर आणि रंगाच्या मध्ये बसते.

पकड बघायची तर रंग आठवडाभर पिकू द्या. मग आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला ब्लेडने उभ्या-आडव्या रेघा मारून बारीक चौकोन पाडा, धातूपर्यंत. त्यावर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर लेगगार्डला हात लावू नका, आधी पेपर कुठे कमी पडला ते शोधा. रेघांच्या कडा तेवढ्या किंचित तुटल्या तर हरकत नाही. तपासलेल्या जागी परत प्राइमर आणि रंगाचा ठिपका द्यायला विसरू नका, नाहीतर गंज तिथूनच सुरू होईल.

मालवणी मेस्त्री (कुडाळ)

रिमा आणताना टायर-ट्यूब काढूनच आणा. ट्यूबच्या खालची आतली बाजू बघायला हवी, बाहेरून बऱ्या दिसणाऱ्या रिमा आतून खाल्लेल्या असतात. तशी निघाली तर रंगवायची नाही, बदलायची.

आणि प्राइमर लागेल तेवढाच मिसळा. हार्डनर पडला की घड्याळ सुरू, उरलेला परत डब्यात ओतलात तर उद्या डबाभर दगड. उरलेला झाकण लावून पण ठेवू नका, जास्त असेल तर स्वतःच तापतो. पत्र्याच्या तुकड्यावर पसरून टाका.